यंत्राला पाय कशाला, आणि त्यात माणूस कशाला?

(शिरूर आणि दौंड येथे दिलेल्या दोन व्याख्यानांचे एकत्रित शब्दांकन. श्रोत्यांचे काही प्रश्न ओघात घेतले आहेत.)



विषय वाचून काहींनी आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने रोबोटवर काय बोलायचं?" प्रश्न रास्त आहे. यंत्र कसे बांधायचे हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा प्रांत नाही. पण 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न इंजिनियरचा जेवढा आहे तेवढाच आपला सगळ्यांचा आहे. आणि 'उपयोग' हा शब्द दिसतो तेवढा साधा नाही, बरं का.

आधी कशाविषयी बोलतो आहोत ते नक्की करू. 'अवतार' सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात सैनिक एका उंच यंत्राच्या छातीत बसतो. तो हात हलवतो तसा यंत्राचा हात हलतो, आणि यंत्र पायांवर चालते. जपानी कार्टूनमध्ये अशी यंत्रे गेली पन्नासएक वर्षे लढत आहेत. माणूस आत बसून चालवतो असा चालता यंत्रमानव, हा आजचा विषय. प्रश्न असा की सिनेमाबाहेर, शेतात, रस्त्यावर, कारखान्यात याचा काही उपयोग आहे का?

आमच्या मते ही तीन प्रश्नांची एक मोळी आहे. मोळी सोडल्याशिवाय ऊस मोजता येत नाही. पहिला प्रश्न, यंत्राला पाय हवेतच का? दुसरा, माणूस आतच हवा का? आणि तिसरा, ज्याकडे सहसा कोणी बघत नाही, यामुळे ओझे नेमके कोणाचे उतरते?

पाय आणि चाक

पुणे-नगर रस्त्यावर पायाची बाजू घेणारा वेडा ठरेल. सपाट, कठीण रस्त्यावर चाकाइतके काटकसरी काही नाही. पायाने चालायचे म्हणजे प्रत्येक पावलाला शरीर थोडे उचलायचे, पुढे टाकायचे, सावरायचे. चाक हा खटाटोप करत नाही.

पण रस्ता सोडून उसाच्या फडात या. नुकतेच पाणी दिलेले आहे, जमीन काळी, सऱ्या खोल. ट्रॅक्टर रुततो आणि चाक जागेवर फिरून स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. बैल मात्र निघतो. असं का? चाकाला सलग वाट लागते. पायाला सलग वाट लागत नाही, टेकायला अधूनमधून जागा मिळाली की पुरे. मधला दगड, चर, चिखल पाय ओलांडून जातो. चालणारी यंत्रे बांधणारे शास्त्रज्ञ हाच मुद्दा पुढे करत आले आहेत की पृथ्वीवरची निम्मी जमीन तरी अशी आहे, जिथे चाक किंवा पट्टा पोहोचत नाही पण जनावर पोहोचते. म्हणजे पायाची कल्पना मुळात खुळी नाही.

मग अडते कुठे? अडते आकारात. गॅलिलिओने १६३८ साली एक साधा हिशोब मांडला. प्राणी दुप्पट उंच केला तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाची जाडी, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ, चारपटच वाढते. म्हणून हत्तीचे पाय हरणासारखे सडपातळ नसतात. माणसाचा आकार तसाच ठेवून तो साडेचार मीटर उंच करायचा, तोही पोलादाचा, म्हणजे या हिशोबाशी भांडण आलं.

जपानच्या त्सुबामे इंडस्ट्रीज या कंपनीने २०२३ साली 'आर्कॅक्स' नावाचा असा यंत्रमानव विक्रीला काढला. उंची साडेचार मीटर, वजन साडेतीन टन, किंमत ४० कोटी येन. छातीत बसायला जागा आहे, हाताची बोटंसुद्धा हलतात. आणि पाय? पायांना खाली चाके आहेत. तो चालत नाही, घरंगळतो. बांधणारे हुशार आहेत म्हणूनच त्यांनी चाके लावली. एवढ्या उंचीवर माणूस बसवून दोन पायांवर चालवायचा आणि तो पडला तर?

एक तोंडी हिशोब करू. समजा दोन पावलांत दीड मीटर अंतर आहे आणि फडात एक पाय फक्त १० सेंटिमीटर जास्त रुतला. साडेचार मीटर उंचीवरचे डोके बाजूला सुमारे ३० सेंटिमीटर सरकेल. आत बसलेल्याच्या पोटात गोळा येईल, आणि यंत्राने तेवढ्यात तोल सावरला नाही तर साडेतीन टन आडवे होतील. बैलाचा खूरसुद्धा चिखलात रुततो, तो काही तरंगत नाही. पण बैल बुटका आहे, त्याला चार पाय आहेत, आणि पाय रुतला हे कळायला त्याला कोणाला विचारावे लागत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं उभं आहे.

पंधरा मिनिटांचा मर्दानी खेळ

चालत्या यंत्रात माणूस बसवण्याचा एक गंभीर प्रयोग अमेरिकेत झाला. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या राल्फ मोशर या इंजिनियरने अमेरिकी लष्करासाठी चार पायांचा 'वॉकिंग ट्रक' बांधला. कल्पना देखणी होती. चालकाचे दोन हात यंत्राचे पुढचे दोन पाय हलवायचे आणि चालकाचे दोन पाय मागचे दोन. यंत्राच्या पायाला अडथळा लागला की त्याचा दाब चालकाच्या हाताला जाणवायचा. म्हणजे यंत्र माणसाच्या अंगाला जोडलेले होते.

यंत्र चालले, हे खरं. पण चालवणारा थोड्याच वेळात दमून जायचा. चारही पायांचे प्रत्येक पाऊल त्यानेच उचलायचे, त्यानेच टेकवायचे, तोलही त्यानेच सांभाळायचा. तासभर कोणाला जमेना. लष्कराने नाद सोडला आणि ते यंत्र आज तिकडच्या संग्रहालयात आहे. त्याच कंपनीने माणसाने अंगात घालायचे 'हार्डिमन' नावाचे यंत्रही बांधायला घेतले होते. त्याचा एकच हात धडपणे चालला. सगळे अंग एकदम चालू केले की ते बेभान हलायचे, म्हणून आत माणूस ठेवून ते पूर्णपणे कधी चालवलेच नाही.

शिरूरला एका तरुणाने विचारलं, "पण सर, जेसीबीवालापण हातानेच सगळं करतो की, तो कुठे दमतो?" प्रश्न फार चांगला आहे. जेसीबीवाला बकेट आपल्या हातासारखी वापरतो. मुरलेला चालक अंगणातली पाइपलाइन न फोडता तिच्या बाजूची माती काढतो. पण जेसीबी उभा राहण्यासाठी चालकाला काहीच करावे लागत नाही. चहा प्यायला उतरला तरी यंत्र उभेच असते. हाताचे काम माणसाने केले तर ते कौशल्य होते. तोल धरण्याचे कामही त्याच्या गळ्यात घातले, तर ती शिक्षा होते.

पांगळा आणि आंधळा

इथे आम्हाला आमच्या विषयाकडे वळू द्या. सांख्य दर्शनात एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष आणि प्रकृती यांचा संबंध पांगळा आणि आंधळा यांच्या जोडीसारखा सांगितला आहे. पुरुषाला दिसते पण चालता येत नाही, प्रकृतीला चालता येते पण दिसत नाही. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघे मिळून वाट काढतात.

आता बघा, माणूस बसलेला चालता यंत्रमानव म्हणजे हाच दृष्टांत लोखंडात ओतलेला. पण त्यातली खुबी आपण विसरतो. पांगळा आंधळ्याला काय सांगतो? 'डावीकडे', 'उजवीकडे', 'थांब, पुढे विहीर आहे.' 'आता गुडघा वाकव, आता टाच टेकव' असं तो सांगत नाही. चालणे आंधळ्याला येतेच. पायांना पायांचे शहाणपण आहे, म्हणून वर बसणाऱ्याला डोळ्यांचे काम करायला फुरसत आहे.

आपल्या देवांची वाहने बघा. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या महागणपतीची दहा सोंडा आणि वीस हातांची मूळ मूर्ती तळघरात आहे असे सांगतात. हात हवे तेवढे वाढवायला आपल्या परंपरेने कधी संकोच केला नाही. पाय मात्र बहुधा दोनच ठेवले, आणि लांब जायचे तर नंदी, घोडा, मूषक घेतला. वाहन म्हणजे स्वतःचे पाय आणि स्वतःची मर्जी असलेला जीव. गाडीवानाचं तेच आहे. कासरा दिशेसाठी असतो, पावलासाठी नाही. रात्री भरलेली गाडी कारखान्याकडे निघते, गाडीवानाला डुलकी लागते, बैल वाट सोडत नाहीत.

अभियंत्यांनाही हे कळले. १९८० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात मॅकघी आणि वॉल्ड्रन यांच्या पुढाकाराने सहा पायांचे, माणूस बसणारे वाहन झाले. त्यात चालकाने फक्त दिशा आणि वेग सांगायचा, कोणता पाय कधी उचलायचा हे संगणक ठरवायचा. म्हणजे यंत्राला बैलाचे शहाणपण देण्याचा तो प्रयत्न होता. कावासाकी कंपनीने २०२५ च्या ओसाका प्रदर्शनात 'कॉर्लिओ' नावाचा स्वार बसण्याचा चार पायांचा यंत्रघोडा मांडला, तोही याच वाटेवरचा. अर्थात ती अजून कल्पना आहे, दुकानात मिळणारी वस्तू नाही.

पण इथेच एक पेच उभा राहतो. पाय जर स्वतःच चालायला शिकले, तर वर माणूस बसायची गरज किती उरते? पायांना अक्कल नसेल तर माणूस दमतो. पायांना अक्कल आली तर माणूस घरी बसू शकतो. आजच्या विषयातले यंत्र या दोन दगडांच्या मध्ये सापडले आहे.

माणूस आत की बाहेर?

याचे उत्तर पुण्यातच मिळाले. १५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाचे संचलन पुण्यात झाले. त्यात चार पायांची यंत्रे, ज्यांना 'रोबोटिक म्यूल' म्हणतात, रांगेत चालत गेली. डोंगरी चौक्यांवर सामान पोहोचवणे, पुढे काय आहे ते बघून येणे ही त्यांची कामे. खेचर जिथे जाते तिथे जाण्यासाठी ती बांधली आहेत, म्हणून पाय हवेत. पण त्यांच्यावर कोणी बसले नव्हते. धोक्याच्या जागी जायचे यंत्र असेल तर त्यात माणूस बसवणे हा उपयोग नाही, उलट तो उपयोगाचा घात आहे.

दुसरे उदाहरण दौंडकरांच्या जवळचे आहे. दौंड जंक्शनवर वरच्या विजेच्या तारांची देखभाल करणारी मंडळी टॉवर वॅगनवर चढून काम करतात, ते तुम्ही रोज बघता. जपानमध्ये वेस्ट जपान रेल्वेने जुलै २०२४ पासून याच कामाला एक यंत्रमानव लावला. रुळांवरून जाणाऱ्या ट्रकवर लांब हात बसवलेला आहे आणि त्याच्या टोकाला यंत्रमानवाचे डोके, छाती आणि दोन हात. तो १२ मीटर उंचीपर्यंत पोहोचतो, ४० किलोपर्यंतचे सामान धरतो, झाडाच्या फांद्या छाटतो, खांबाला रंग देतो. त्याला चालवणारा माणूस खाली ट्रकच्या केबिनमध्ये डोळ्यांवर चष्मा चढवून बसतो. यंत्राच्या हाताला लागलेला भार त्याला स्वतःच्या हातात जाणवतो. मोशरचे स्वप्न इथे खरे झाले, पण पाय काढून टाकल्यावर आणि माणूस खाली उतरवल्यावर. कौशल्य माणसाचे राहिले आणि तारेपाशी पडण्याचा, शॉक बसण्याचा धोका यंत्राकडे गेला.

तिसरे उदाहरण केरळचे. जेनरोबोटिक्स या कंपनीने 'बँडिकूट' नावाचे मॅनहोल साफ करणारे यंत्र केले, २०१८ मध्ये ते तिरुवनंतपुरमला कामाला लागले. कोळ्यासारखे पाय पसरून ते गटाराच्या आत स्वतःला आधार देते. चालवणारा रस्त्यावर उभा राहून पडद्यावर बघतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाने गटारात उतरून सफाई करण्याला आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरतात आणि विषारी वायूने मरतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. इथे यंत्राचे पाय म्हणजे हौस नाही. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतल्या टाक्यांनाही हाच न्याय लावावा असे आम्ही म्हणू. जिथे श्वास घेता येत नाही तिथे यंत्र जावे, माणसाने बाहेरून बघावे.

दौंडला एकांनी आम्हाला टोकलं, "म्हणजे माणूस आत बसून चालणारं एकही उपयोगी यंत्र नाही?" आहे की. फक्त ते सिनेमातल्यासारखे दिसत नाही. कोळशाच्या उघड्या खाणींत, आपल्याकडे सिंगरौलीला, अजस्र ड्रॅगलाइन असतात. त्यांचे वजन इतके की चाकावर पेलणार नाही. म्हणून त्या दोन बाजूंच्या प्रचंड पावलांवर शरीर उचलून थोडी थोडी सरकतात, आणि चालक केबिनमध्ये असतो. स्वित्झर्लंडच्या मेन्झी मुक कंपनीचे 'चालते' खोदयंत्र आल्प्सच्या उतारांवर अनेक दशके काम करते आहे. त्याला चार पाय आहेत, त्यांना चाकेही आहेत, आणि अवघड जागी ते आपल्याच खोदण्याच्या हाताने स्वतःला पुढे ओढते. माणूस आत, कारण उतारावर कुठे खोदायचे हे त्याने जागेवर बघून ठरवायचे असते. फिनलंडमध्ये प्लसटेक कंपनीने १९९० च्या दशकात सहा पायांचे, जंगलात झाडे तोडणारे यंत्र केले. जमिनीला इजा कमी करणारे, चांगले यंत्र होते. पण बाजारात आले नाही, कारण तेच काम चाकांवर आणि पट्ट्यांवर स्वस्तात होत होते.

यातून निष्कर्ष सरळ निघतो. उपयोगी ठरलेल्या यंत्रांनी माणसाची नक्कल केली नाही, कामाची गरज पाहिली. रांजणगाव एमआयडीसीसारख्या ठिकाणी मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंग करणारे यंत्रहात असतात. त्यांना पाय नाहीत, डोके नाही. जमिनीला बोल्टने पक्के केलेला नुसता हात, आणि तो तीन पाळ्या काम करतो.

ओझं कोणाचं?

आता तिसरा प्रश्न. शिरूर-दौंड हा उसाचा मुलूख. हंगाम सुरू झाला की बीड, नगरकडून तोडणी कामगार येतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. डोकी सेंटरवर तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून चढून वाहनात भरायची असते. हे काम बायासुद्धा करतात, गाडी रात्री आली तर रात्री करतात. फडात बिबट्या असतो, हे शिरूरकरांना आम्ही सांगायला नको.

कोणी म्हणेल, हीच तर चालत्या यंत्राची जागा! सऱ्या, चिखल, ओझं, चढण, सगळं आहे. आम्हीही असा विचार करून पाहिला. पण नीट पाहिले तर फडाला दोन पायांचा राक्षस नको आहे. मोळ्या वर चढवायला ट्रॅक्टरवर बसवलेला पंजा पुरतो. तोडायला हार्वेस्टर आहे, त्यात बंद केबिनमध्ये बसलेला चालकही आहे. त्याची किंमत कोटीच्या घरात, त्याला सऱ्यांमध्ये रुंद अंतर लागते, वळायला जागा लागते, लोळलेला ऊस आणि ओली जमीन त्याला जड जाते, लहान तुकड्यांत तो परवडत नाही. म्हणजे अडचण यंत्राला पाय नाहीत ही नाहीच. अडचण जमिनीच्या तुकड्यांची, लागवडीच्या पद्धतीची आणि पैशाची आहे. साडेतीन टनाचा यंत्रमानव यातली एकही सोडवत नाही.

आणि यंत्र आले की कोयता जातो, हेही बोललं पाहिजे. डोक्यावरची मोळी उतरली ही चांगली गोष्ट, पण त्याबरोबर उचल गेली आणि दुसरे काम मिळाले नाही, तर त्या बाईचे ओझे उतरले असे म्हणायचे का? यंत्राचा उपयोग मोजताना आपण टन आणि तास मोजतो. ज्याच्या अंगावरून काम काढून घेतले, त्याचे पुढे काय झाले हे मोजत नाही. आमच्या मते तोही उपयोगाच्या हिशोबातलाच आकडा आहे.

जिथे माणूसच आत हवा

एक जागा मात्र अशी आहे, जिथे माणूस बाहेर ठेवून चालतच नाही. ज्याचे स्वतःचे पाय गेले आहेत, त्याला चालायचे असते. त्याच्याऐवजी यंत्र चालून आले तर काय उपयोग? कमरेखाली लुळे पडलेल्या माणसाने अंगावर बांधायची चालती यंत्रे आता आहेत, अमेरिकेत 'रीवॉक' या यंत्राला २०१४ मध्ये घरी वापरायची परवानगी मिळाली. महाग आहेत, हळू आहेत, बरोबर कुबड्या लागतात. पण माणसाने चालवायचा चालता यंत्रमानव खऱ्या अर्थाने कुठे हवा असेल, तर तो इथे.

देकार्तने १६४१ मध्ये लिहिले की मी माझ्या शरीरात जहाजातल्या नावाड्यासारखा नुसता बसलेलो नाही, त्याच्याशी मिसळून गेलेलो आहे. सिनेमातला यंत्रमानव नावाड्याची जागा देतो. अपंगाला नावाडी व्हायचे नसते, त्याला पाय हवा असतो. म्हणूनच आम्हाला या सगळ्या यंत्रांपेक्षा जयपूर फूट थोर वाटतो. रामचंद्र शर्मा नावाचा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी केलेल्या त्या पायात ना मोटर, ना संगणक. पण तो घालून माणूस उकिडवा बसतो, अनवाणी चिखलात उतरतो, शेतात दारं धरतो. पाय कोणत्या मातीत पडणार आहे, हे करणाऱ्यांनी आधी पाहिले होते.

तेव्हा आमचे उत्तर असे. माणसासारखा दिसणारा, आत माणूस बसवलेला, दोन पायांचा मोठा यंत्रमानव खेळ म्हणून ठीक आहे, जत्रेतल्या पाळण्यासारखा. काम म्हणून नाही. पाय उपयोगी आहेत, पण ते स्वतः चालणारे हवेत. माणूस उपयोगी आहे, पण तो धोक्याच्या बाहेर आणि निर्णयाच्या जागी हवा. आणि दोन्ही एकत्र हवेत ते फक्त तिथे, जिथे चालणे हेच त्या माणसाचे काम आहे.

तुमच्यातली मुलं इंजिनियरिंगला जातील, रोबोट बांधतील. जरूर बांधा, हौसही असू द्या. फक्त नकाशा काढायच्या आधी एकदा फडावर जा, रेल्वेच्या तारेखाली उभे राहा, मॅनहोलच्या तोंडाशी बसा. तिथे कोणाचा जीव अडकलाय ते दिसेल, मग यंत्राला पाय हवेत की हात, हे ठरवणं फार अवघड जाणार नाही.